झलकारीबाई : राणीची सावली नव्हे, झाशीची शिपाई

सावनेर : २२ नोव्हेंबर हा वीरांगना झलकारीबाई कोरी यांचा जन्मदिवस मानला जातो. उत्तर प्रदेशात आणि विशेषतः बुंदेलखंडात या दिवशी त्यांच्या पुतळ्याला हार घातले जातात, सभा होतात. आपल्याकडे, सावनेर-कळमेश्वरपासून नागपूरपर्यंत, त्यांचे नाव आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण ही ओळख बहुतेक वेळा एका वाक्यात संपते. झाशीच्या राणीसारखी दिसणारी एक बाई होती, तिने राणीचा वेष घेतला, इंग्रजांना फसवले आणि राणीला निसटू दिले, एवढेच आपण सांगतो. हे वाक्य चुकीचे नाही, पण आम्हाला ते अपुरे वाटते. यात त्या बाईचा चेहरा आहे, बाई नाही. जिचे मोल फक्त दुसऱ्या कुणासारखे दिसण्यात आहे, तिला स्वतःचे आयुष्य नसतेच जणू. म्हणून यंदा झलकारीबाईंचे आयुष्य पहिल्यापासून सांगायचे आम्ही ठरवले.

झाशी आणि आपले नागपूर यांचे दैव एकाच हिवाळ्यात फिरले, ही गोष्ट आपल्या भागात फारशी सांगितली जात नाही. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे गंगाधरराव नेवाळकर वारले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ११ डिसेंबरला, नागपुरात तिसरे रघुजी भोसले वारले. दोघांनाही पोटचा वारस नव्हता. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करण्याचे धोरण पुढे केले आणि १८५४ च्या सुरुवातीला दोन्ही राज्ये कंपनी सरकारच्या घशात गेली. नागपूरच्या राजवाड्यातील जडजवाहीर कोलकात्याला विक्रीला गेले, हत्ती-घोड्यांचा सीताबर्डीवर लिलाव झाला. झाशीच्या राणीला दरमहा ५००० रुपये पेन्शन लावून किल्ल्याबाहेर काढण्यात आले.

या इतिहासात राजा, राणी, दत्तकपुत्र आणि गव्हर्नर जनरल एवढीच माणसे दिसतात. पण राज्य खालसा होते तेव्हा त्याचे सैन्यही मोडले जाते. हजारो शिपाई, गोलंदाज, भालदार, मोतद्दार एका हुकुमाने घरी बसतात. झाशीच्या सैन्यात पूरण कोरी नावाचा एक शिपाई होता. झलकारीबाई त्याची बायको. खालसा धोरण म्हणजे काय, हे या घराला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

झलकारीबाईंचा जन्म झाशीजवळच्या भोजला गावी २२ नोव्हेंबर १८३० रोजी झाला, असे परंपरा सांगते. वडिलांचे नाव सदोवरसिंह, आईचे जमुनादेवी. समाज कोरी. कोरी म्हणजे विणकर. उत्तरेत कबीरांची परंपरा ज्या मागांच्या खडखडाटात वाढली, त्या मागांवर बसणारे हे लोक. कापड सगळ्या गावाने अंगावर घालायचे आणि ते विणणाऱ्याला मात्र दूर ठेवायचे, ही रीत तिथेही होती. आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. विदर्भातही आपल्या समाजातील कितीतरी घरांत मागावर जाडेभरडे कापड विणले जात असे. सावनेरचा भाग कापसाचा. इथल्या आजी-पणजीच्या आठवणीत सूत, चरखा आणि माग यांना जागा आहे. विलायतेच्या गिरण्यांचे स्वस्त कापड बाजारात आले तेव्हा पहिली कुऱ्हाड हातमागावर पडली. कंपनीच्या राजवटीबद्दल कोरी वस्तीत राग होता तो काही फक्त राणीचे राज्य गेले म्हणून नव्हता. चूल थंड पडत होती, हेही त्यामागे होते. १८५७ ला नुसते संस्थानिकांचे बंड म्हणणाऱ्यांनी विणकरांच्या वस्त्यांकडे एकदा तरी पाहावे.

झलकारी लहान असतानाच आई गेली. वडिलांनी दुसऱ्या कुणाच्या भरवशावर न टाकता लेकीला स्वतः वाढवले. पाटी-पुस्तक त्या काळी कोरी मुलाच्याही वाट्याला येत नसे, मग मुलीची काय कथा! पण वडिलांनी तिला घोड्यावर बसायला शिकवले आणि हत्यार हातात दिले. बुंदेलखंडात तिच्या लहानपणाच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. सरपण आणायला जंगलात गेली असताना बिबट्याने झडप घातली आणि तिने हातातल्या कुऱ्हाडीने त्याला ठार केले, ही एक. गावातल्या सावकाराच्या घरी दरोडेखोर आले तेव्हा तिने त्यांना परतवून लावले, ही दुसरी. या गोष्टी लोकांच्या तोंडून आलेल्या आहेत. त्यांना कागदाचा आधार मागण्यापेक्षा लोकांनी त्या दीडशे वर्षे का जपल्या, हे विचारणे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. दोन्ही गोष्टींत राणी कुठेच नाही. तिच्या दिसण्याचाही उल्लेख नाही. म्हणजे राणीची भेट होण्याआधीच ही मुलगी धाडसाची म्हणून गावात ओळखली जात होती. नंतरच्या सांगणाऱ्यांनी पहिला भाग वगळला आणि दुसराच उचलला.

लग्न पूरणशी झाले आणि झलकारी झाशीत आली. पूरण राणीच्या सैन्यात होता, तोफखान्यावर काम करी असेही सांगतात. कुस्ती, नेमबाजी, तलवार यांत तो तयार होता. त्याने बायकोला घरात कोंडून ठेवले नाही, उलट जे त्याला येत होते ते तिलाही शिकवले. नवऱ्याने बायकोच्या हातात बंदूक द्यावी, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. आजही किती घरांत नवरा बायकोला साधी मोटारसायकल शिकवतो, ते ज्याचे त्याने पाहावे.

राणी लक्ष्मीबाई आणि झलकारीबाई यांची भेट गौरीपूजेच्या निमित्ताने झाली, असे सांगितले जाते. झाशीचे दरबारी घराणे मराठी. चैत्रगौरीचे हळदीकुंकू किल्ल्यात मोठ्या थाटाने होत असे आणि शहरातल्या बायका राणीला मान द्यायला जात. त्या गर्दीत राणीची नजर झलकारीवर पडली. चेहरेपट्टी आपल्याशी मिळतीजुळती पाहून ती चकित झाली आणि तिने चौकशी केली. चौकशीत तिच्या धाडसाच्या हकिकती कानावर आल्या आणि राणीने तिला स्त्रियांच्या पथकात घेतले. पुढे या पथकाला दुर्गा दल म्हटले गेले. आमचे म्हणणे असे की, नुसत्या चेहऱ्यासाठी राणीने तिला घेतले असते तर दासी म्हणून ठेवले असते. तिला शिपाई म्हणून घेतले. बंदूक चालवणे, तोफ डागणे, घोडदौड यांचा सराव तिने इतर स्त्रियांबरोबर केला.

इथे राणीचेही श्रेय मान्य केले पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या फौजेत पठाण होते, बुंदेले होते, मराठे होते, कोरी आणि काछी होते. तोफखान्याचा प्रमुख गुलाम गौस खान. खुदाबक्ष हा दुसरा नावाजलेला गोलंदाज. मोतीबाई ही एकेकाळी गंगाधररावांच्या नाटकशाळेत काम करणारी कलावंतीण तोफेवर उभी राहिली. गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांची समाधी आजही झाशीच्या किल्ल्यात एकत्र आहे. संकट दाराशी आले की जात थोडी मागे सरते, ती कायमची जात नाही. तरी ज्या हातांना शतकानुशतके शस्त्र नाकारले होते त्या हातांत झाशीने शस्त्र दिले, ही गोष्ट खरीच आहे.

जून १८५७ मध्ये झाशीच्या छावणीतील पलटणींनी उठाव केला. त्या दिल्लीकडे निघून गेल्यावर शहराचा कारभार पुन्हा राणीच्या हाती आला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओरछाचा दिवाण नथे खान फौज घेऊन झाशीवर चालून आला. शेजारी राज्याचा हा हल्ला झाशीने परतवला. या लढाईने शहराला सराव मिळाला. दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, जुन्या तोफा पुन्हा बुरुजांवर चढल्या. स्त्रियांच्या पथकाची कसोटीही याच महिन्यांत लागली.

आपल्याकडे, नागपुरात, जून १८५७ मध्येच टाकळीच्या छावणीतील घोडदळाने उठावाचा बेत केला होता. तो आधीच फुटला, पुढाऱ्यांना फाशी झाली. भोसल्यांच्या वाड्यातून वृद्ध बाकाबाईंनी इंग्रजांना साथ दिली आणि नागपूर शांत राहिले. एकाच धोरणाखाली भरडलेल्या दोन राजधान्या. एकीकडे राणी तलवार घेऊन उभी राहिली, दुसरीकडे वाड्याने इंग्रजांची पाठराखण केली. नागपूरच्या विणकरांच्या आणि कामगारांच्या मनात तेव्हा काय चालले असेल, ते कुणी विचारले नाही आणि लिहूनही ठेवले नाही.

सर ह्यू रोज मध्य भारतातून एकेक ठाणे घेत पुढे सरकला आणि २१ मार्च १८५८ रोजी झाशीसमोर येऊन ठेपला. राणीने आधीच भोवतालचा मुलूख ओसाड करून ठेवला होता, शत्रूच्या घोड्यांना गवताची काडी मिळू नये म्हणून. पण टेहरी-ओरछा आणि ग्वाल्हेर या दरबारांनी इंग्रजांना रसद पुरवली. काही दिवसांतच तोफा धडाडू लागल्या. भिंतीला भगदाड पडे आणि रात्रीत ते बुजवले जाई. तटावर तोफांजवळ स्त्रिया काम करत आहेत, दारूगोळा वाहून नेत आहेत, हे इंग्रजांनी आपल्या दुर्बिणीतून पाहिले आणि लिहूनही ठेवले. त्या नोंदींत त्या स्त्रियांची नावे नाहीत. शत्रूला नावाशी काय देणेघेणे? पण त्या दुर्बिणीत दिसलेल्या स्त्रियांत कोरी वस्तीतल्या बायका होत्या आणि त्यांच्यात झलकारीबाई होत्या, ही बुंदेलखंडाची ठाम आठवण आहे.

३१ मार्चच्या संध्याकाळी तात्या टोपे वीस हजारांवर फौज घेऊन मदतीला आले. टेकडीवर आगीचा लोळ दिसला, शहरात आनंदीआनंद झाला, किल्ल्यावरून तोफांची सलामी झाली. दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, बेटवा नदीजवळ रोजने त्या फौजेचा पराभव केला. झाशी पुन्हा एकटी पडली. ३ एप्रिलच्या पहाटे इंग्रजांनी तटावर शिड्या लावल्या. ओरछा दरवाजावरचा दुल्हाजू फितूर झाला आणि शत्रू आत शिरला, असे झाशीकर सांगत आले आहेत. मग लढाई तटावरून रस्त्यांवर आणि रस्त्यांवरून घराघरांत आली. पूरण कोरी या लढाईत मारले गेले, असे परंपरा सांगते.

या शहरात तेव्हा एक मराठी माणूस होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि वेढ्यात सापडले. त्यांनी पाहिलेले पुढे लिहून काढले आणि १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी ते ‘माझा प्रवास’ या नावाने छापले. झाशीची कत्तल, आग, लूट मराठीत वाचायची असेल तर ते पुस्तक वाचलेच पाहिजे. मात्र दक्षिणेसाठी आलेल्या भटजींची नजर जिथवर पोहोचते तिथवरच ते शहर त्यात दिसते. दरबार, पूजा, वाडे, विद्वान. विणकरांच्या वस्तीत त्यांचे जाणे-येणे असण्याचे कारण नव्हते. हा दोष एकट्या गोडशांचा नाही. लिहिणारा ज्या गल्लीत राहतो त्या गल्लीचाच इतिहास उरतो.

राणीने झाशी सोडली ती ४ एप्रिलच्या रात्री. निवडक स्वार, दत्तकपुत्र दामोदर आणि वडील मोरोपंत तांबे बरोबर होते. भांडेरी दरवाजाने त्या बाहेर पडल्या असे सांगतात. रोजच्या छावणीने शहराला चहूबाजूंनी वेढलेले होते. पाठलाग अटळ होता. प्रश्न होता तो मध्ये किती तास मिळतात याचा. काल्पी शंभर मैलांच्या आसपास दूर. थकलेले घोडे, लहान पोर पाठीशी. अशा वेळी एक-एक तास मोलाचा असतो.

ते तास झलकारीबाईंनी मिळवून दिले. त्यांनी राणीचा पोशाख चढवला, दागिने घातले, घोड्यावर बसल्या आणि सरळ इंग्रज छावणीच्या दिशेने निघाल्या. गोऱ्या पहारेकऱ्यांनी अडवले तेव्हा आपण झाशीची राणी आहोत आणि तुमच्या सेनापतीला भेटायला आलो आहोत, अशा तोऱ्यात त्या बोलल्या. छावणीत एकच गलबला झाला. राणी सापडली! ज्या बाईसाठी दोन आठवडे तोफा डागल्या ती स्वतःहून चालत आली, या आनंदात सगळे गुंतले. शेवटी ही राणी नव्हे हे उघड झाले ते दुल्हाजूमुळे, असे लोकपरंपरा सांगते.

या प्रसंगात आम्हाला एक गोष्ट थांबून पाहावीशी वाटते. ज्या समाजव्यवस्थेत कुणी कोणते वस्त्र नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा हेही जातीवरून ठरत होते, त्या व्यवस्थेतील एक कोरी स्त्री राणीचे वस्त्र अंगावर घालते आणि तिला पाहणाऱ्या एकाही परक्या माणसाला फरक ओळखता येत नाही. बोलणे, चालणे, घोड्यावरची बैठक, हुकूम देण्याची ढब, कशातच उणे नाही. गोऱ्यांना ती राणीच वाटली. ती राणी नाही, कोरीण आहे, हे ओळखायला आपल्यातलाच एक लागला. राणीपण जन्माने येते म्हणणाऱ्यांना या एका गोष्टीचे उत्तर देणे अवघड जाईल.

त्या तासांचे फळ काय? राणी काल्पीला पोहोचल्या. कोंचची लढाई झाली, काल्पीची झाली, १ जूनला ग्वाल्हेर शहर आणि किल्ला राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब यांच्या हाती आला. १८५८ च्या जूनच्या मध्यात कोटा-की-सराय येथे राणी धारातीर्थी पडल्या. झाशी पडल्यानंतर युद्ध आणखी अडीच महिने राणीच्या नेतृत्वाखाली चालले. पुढे तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरले आणि नोव्हेंबर १८५८ मध्ये मुलताईपर्यंत आले. मुलताई म्हणजे आपल्या सावनेरवरून पांढुर्ण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे पुढचे गाव. त्यांना नागपूर गाठायचे होते, पण वाट अडली आणि ते वळले. झाशीत पेटलेला वणवा आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन गेला, तो असा.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळून झलकारीबाईंना अभिवादन करणे आम्हाला प्रामाणिक वाटत नाही. झाशीवर चालून आलेल्या फौजेत फक्त गोरे नव्हते. मुंबई लष्कराच्या २४ व्या आणि २५ व्या देशी पलटणी त्यात होत्या, हैदराबाद कंटिंजंट होते, मद्रासचे सॅपर्स होते. मुंबई लष्करात त्या काळी महार शिपाई मोठ्या संख्येने भरती होत. बाबासाहेबांनी स्वतः पुढे हे नमूद केले आहे की १८५७ मध्ये बंगालची फौज उठली, मुंबई आणि मद्रासच्या फौजा उठल्या नाहीत आणि या दोन फौजांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचा भरणा होता. म्हणजे झाशीच्या तटाच्या आत कोरी स्त्री बंदूक घेऊन उभी होती आणि तटाबाहेरच्या फौजेत आपल्या पणजोबांचे भाईबंद असण्याची शक्यता होती.

भीमा कोरेगावला दरवर्षी १ जानेवारीला जाणारे आपण. १८१८ च्या त्या स्तंभावर आपल्या पूर्वजांची नावे आहेत याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. मग झलकारीबाईंचाही अभिमान कसा बाळगायचा? दोन्ही एकदम चालेल का, असे तरुण मित्र आम्हाला विचारतात. आमचे उत्तर असे आहे. पेशव्यांनी आपल्या माणसांच्या गळ्यात मडके बांधले, तर त्यांनी बंदूक कुणाकडून घेतली हा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. झाशीने कोरी स्त्रीच्या हातात बंदूक दिली, तर ती झाशीसाठी मेली किंवा मरायला निघाली यातही नवल नाही. ज्याने माणूस मानले, शिपाई मानले, त्याच्या बाजूने माणूस उभा राहतो. इंग्रज सरकारने तरी काय केले? ज्या महारांच्या जोरावर लढाया जिंकल्या त्यांची लष्करातली भरती पुढे १८९० च्या दशकात बंद केली आणि गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. देशभक्तीचा दाखला मागणाऱ्यांनी आधी कुणी कुणाला या देशात भागीदार मानले, ते पाहावे. हा प्रश्न आपल्या समाजात अजून मिटलेला नाही आणि तो घाईने मिटवू नये असे आम्हाला वाटते.

त्या काळच्या इंग्रजी कागदांत झलकारीबाईंचे नाव नाही. मग ते टिकले कसे? झाशीच्या कोरी वस्तीत आजीने नातीला सांगितले, नातीने पुढे सांगितले. पुस्तकातून ते सर्वदूर गेले ते वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ मधील ‘झांसी की रानी’ या हिंदी कादंबरीमुळे. वर्मा झाशी भागातलेच, जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करणारे. त्यानंतर दलित लेखकांनी हे चरित्र आपल्या हाती घेतले. कादंबरीतल्या एका पात्राला त्यांनी स्वतंत्र पुस्तकाची नायिका केले. मोहनदास नैमिशराय यांची ‘वीरांगना झलकारी बाई’ ही कादंबरी त्यांतली ठळक. बसपाच्या चळवळीने ऐंशी-नव्वदच्या दशकांत झलकारीबाई आणि लखनौच्या सिकंदरबागेत लढलेल्या ऊदादेवी पासी यांना गावोगावच्या फलकांवर आणले. लखनौच्या हजरतगंजमधील महिला रुग्णालयाला झलकारीबाईंचे नाव आहे. २००१ मध्ये टपाल खात्याने तिकीट काढले. २०१७ मध्ये भोपाळला तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. कोविंद स्वतः कोरी समाजाचे. २०१९ च्या ‘मणिकर्णिका’ चित्रपटात अंकिता लोखंडेने ही भूमिका केली. चित्रपट सगळ्यांनी पाहिला, पण त्यातून बाहेर पडताना किती जणांच्या लक्षात कोरी हा शब्द राहिला?

झलकारीबाईंचा शेवट कसा झाला, याबद्दल दोन परंपरा आहेत. एक सांगते की त्या ४ एप्रिल १८५८ च्या सुमारास लढता लढता शहीद झाल्या. अनेक ठिकाणी या दिवशी त्यांचा बलिदान दिवस पाळतात. दुसरी सांगते की रोजने त्यांचे धाडस पाहून त्यांना सोडून दिले आणि त्या पुढे १८९० पर्यंत जगल्या. वर्मांच्या कादंबरीतही त्या म्हातारपणापर्यंत जगतात. आपल्या लोकांना पहिली परंपरा जास्त आवडते. शहीद म्हटले की पुतळा शोभतो, भाषण रंगते. दुसरी परंपरा सांगितली की काही जण नाराज होतात, बलिदानाचे मोल कमी झाले असे त्यांना वाटते. गोऱ्या सेनापतीला उदार ठरवण्यासाठी ही गोष्ट रचली, असाही एक आक्षेप आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही.

आम्हाला मात्र दुसऱ्या परंपरेने त्यांचा त्याग तसूभर कमी होतो असे वाटत नाही. शत्रूच्या छावणीकडे घोडा हाकला तेव्हा परत येण्याचा विचार त्यांच्या मनात असणे शक्यच नव्हते. त्या क्षणी प्राण देऊन झाले होते. राहिले ते नंतरचे जगणे. १८९० पर्यंत म्हणजे आणखी बत्तीस वर्षे. नवरा लढाईत गेलेला. झाशी पडल्यावर शहरात किती माणसे मारली गेली याचा इंग्रजांचा स्वतःचा आकडा पाच हजारांच्या आसपास जातो. त्यात वस्तीतले ओळखीचे किती असतील! मोरोपंत तांबे पकडले जाऊन फासावर गेले. दत्तकपुत्र दामोदररावांना सरकारने इंदूरला थोडी पेन्शन देऊन ठेवले, ते १९०६ मध्ये वारले. संस्थानिकाच्या वारसाला निदान पेन्शनचा अर्ज करता येत होता. पूरण कोरीच्या विधवेने कुठे अर्ज करायचा? राणीचा पोशाख एका रात्रीपुरता होता. सकाळ झाल्यावर वस्ती तीच, माग तोच आणि बाजारात विलायती कापडाचे गठ्ठे आधीपेक्षा जास्त. १८५८ च्या आधी बिबट्या, दरोडेखोर, नथे खान आणि रोज यांच्यासमोर उभी राहिलेली बाई या बत्तीस वर्षांत कुणासमोर उभी राहिली, हे लिहायला कुणी गोडसे भटजी तिथे नव्हते. शेजारच्या पोरींना तेवढे ठाऊक होते, आणि त्यांनीच ते आपल्यापर्यंत आणून पोहोचवले.